कर्जतच्या पाण्यात अ‍ॅमेझॉनचा मासा

कर्जतच्या बोअरचं पाणी कसं आहे ते बघायचंय? घरात पाणी तापवायचं भांडं असेल ना, ते आतून बघा. तळाशी पांढरा, खरखरीत थर धरलेला असतो. नखाने खरवडलात तरी सहजासहजी निघत नाही. आंघोळीच्या वेळी साबण चोळ चोळ चोळला तरी फेस होत नाही, तोही याच पाण्याचा गुण. आपण याला जड पाणी म्हणतो, पाठ्यपुस्तकात दुष्फेन पाणी म्हणतात. (आपलं कर्जत म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातलं बरं का! रेहेकुरीच्या काळविटांचं, सिद्धटेकच्या गणपतीचं. रायगड जिल्ह्यातलं धो धो पावसाचं कर्जत वेगळं.)

हा पांढरा थर येतो खडकातून. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा बेसाल्ट आपल्या पायाखाली आहे. पावसाचं पाणी त्याच्या भेगांमध्ये मुरतं, तिथे वर्षानुवर्षं राहतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेतं. बोअर मारला की हे सगळं पाण्याबरोबर वर येतं.

आता जरा दूर जाऊ या. ब्राझीलमध्ये रिओ नेग्रो नावाची प्रचंड नदी आहे. माणाउस शहराजवळ ती अ‍ॅमेझॉनच्या मुख्य प्रवाहाला मिळते. तिच्या काठच्या जंगलात पाऊस इतका पडतो, की जमिनीतले क्षार केव्हाच धुऊन गेलेत. पाण्यात पडलेली पानं कुजून त्याला गडद तपकिरी रंग येतो आणि ते आम्लधर्मी होतं. पाणी किती आम्ल आहे हे पीएच या अंकावरून कळतं. 7 म्हणजे उदासीन, त्याच्या खाली आम्ल. रिओ नेग्रोचा पीएच बऱ्याच ठिकाणी 4 ते 5 असतो. आपल्या बोअरचा साधारणपणे 7 च्या वरच. या पट्टीवर एक अंक म्हणजे दहापट फरक, दोन अंक म्हणजे शंभरपट!

डिस्कस मासा त्या तपकिरी पाण्यातला. थाळीफेकीतल्या थाळीसारखा गोल आणि चपटा. 1840 मध्ये योहान हेकेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने त्याचं पहिलं वर्णन लिहिलं. पाण्यात बुडालेल्या फांद्यांच्या जाळीत हा थव्याने राहतो. चपटा असल्यामुळे दोन फांद्यांमधून अलगद निसटतो. अंगावर उभे पट्टे असतात आणि घाबरला की ते गडद होतात. त्याला काय वाटतंय हे तुम्ही त्याच्या पट्ट्यांवरून ओळखू शकता.

याच्या पिल्लांची गोष्ट तर मला फार आवडते. मासा काही सस्तन प्राणी नाही, त्याला दूध येत नाही. तरीही डिस्कसची पिल्लं पोहायला लागली की आईबाबांच्या अंगाला चिकटतात आणि त्यांच्या कातडीवरचा चिकट स्राव टिपून खातात. आई दमली की बाबा पुढे होतो. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवून दिलं, की अंडी घातल्यावर या स्रावात प्रथिनं वाढतात आणि रोगाशी लढणारी प्रतिपिंडंही. दोन आठवडे उलटले की आईबाबा पिल्लांना टाळून दूर पोहायला लागतात, म्हणजे पिल्लं आपलं आपण खायला शिकतात.

मग असा मासा कर्जतच्या पाण्यात जगेल का? जगू शकतो. दुकानात मिळणारे बहुतेक डिस्कस टाकीतच जन्मलेले असतात. त्यांनी अ‍ॅमेझॉन कधी पाहिलेलंच नसतं. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न विचारायचा: तुम्ही यांना कोणत्या पाण्यात ठेवलंय, पीएच किती? आपलं पाणी त्याच्या जवळ न्यायचं. फारच क्षार असतील तर बोअरच्या पाण्यात थोडं आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी मिसळता येतं. पण आज हे, उद्या ते असं करू नका. रोज बदलणाऱ्या पाण्यापेक्षा थोडं जड पण कायम तसंच राहणारं पाणी माशाला बरं. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडरचा क्लोरीन असतो. तो माशाच्या कल्ल्यांना जाळतो. ते पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवा किंवा दुकानातले अँटीक्लोरीनचे थेंब टाका.

दुसरा प्रश्न अमोनियाचा. माशाने खाल्लेल्या प्रथिनांमधला नायट्रोजन अमोनिया बनून मुख्यतः त्याच्या कल्ल्यांमधून बाहेर पडतो. अमोनिया हे विषच. टाकीतलं पाणी गाळणाऱ्या स्पंजवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच कमी त्रासाचं. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते वाढायला महिना-दीड महिना लागतो. म्हणून टाकी आधी चालू करायची आणि मासे मागाहून आणायचे. ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज मिळाला तर काम लवकर होतं. हा स्पंज नळाखाली मात्र कधीच धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके हलके पिळायचा.

आणि इथे आपल्या पाण्याचा खरा धोका आहे. आम्ल पाण्यात अमोनियाचं बरंचसं रूप निरुपद्रवी असतं. पीएच एका अंकाने चढला की त्याचं विषारी रूप जवळजवळ दहापट होतं. मासे पिशवीतून लांबचा प्रवास करून येतात तेव्हा पिशवीत अमोनिया साठलेला असतो. पण त्यांच्याच श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ते पाणी आम्ल झालेलं असतं, म्हणून ते तग धरतात. पिशवी उघडली की हा वायू उडून जातो आणि पीएच चढायला लागतो! तेव्हा बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, म्हणजे तापमान जुळेल. उघडल्यावर टाकीचं थोडं थोडं पाणी पिशवीत घाला, फार वेळ न दवडता मासे जाळीने टाकीत सोडा आणि पिशवीतलं पाणी फेकून द्या.

पहिल्या दिवशी दिवा बंद ठेवा आणि खायला काही घालू नका. मासे कोपऱ्यात काळवंडून बसतील, दोन-तीन दिवस तोंडही लावणार नाहीत. घाबरू नका आणि काचेवर टकटक तर मुळीच करू नका. मग चिमूटभर बारीक दाणे घाला. डिस्कसचं तोंड अंगाच्या मानाने अगदी छोटं असतं. तो दाणा तोंडात घेतो, थुंकतो, पुन्हा घेतो. त्याची खायची रीतच तशी. गोठवलेले ब्लडवर्म वितळवून, बारीक चिरलेली कोळंबी किंवा धुऊन तुकडे केलेलं गांडूळही त्याला आवडतं. गटारातले जिवंत ट्युबिफेक्स कृमी नकोत, त्यांच्याबरोबर रोग येतो. पाच-दहा मिनिटांत जे संपलं नाही ते नळीने ओढून काढा. उरलेल्या खाण्याचाही अमोनियाच होतो. मोठ्या माशांना दिवसातून दोनदा पुरतं, वाढत्या पिल्लांना चार-पाच वेळा थोडं थोडं लागतं.

याला पाणी लागतं 28 ते 30 अंश सेल्सिअसचं. थंडीच्या रात्री हीटर हवाच. पाण्यात हात घालण्याआधी त्याचा प्लग मोठ्या माणसांकडून काढून घ्या. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. लाईट गेली की हवेचा पंप बंद पडतो आणि मासे वर येऊन धापा टाकतात. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असू द्या.

आता पाण्याचा हिशोब करू. डिस्कस थव्याने राहणारा, निदान पाच-सहा तरी हवेत. म्हणजे टाकी दोनशे लिटरची किंवा त्याहून मोठी. पाव भाग पाणी बदललं तरी एका वेळी पन्नास लिटर, आणि हे आठवड्यातून दोन-तीनदा. काढलेलं पाणी मोरीत ओतू नका. त्यातलं नायट्रेट म्हणजे झाडांचं खत. कढीपत्त्याला, जास्वंदीला घाला.

माझं मत विचाराल, तर टँकरची वाट बघावी लागते अशा उन्हाळ्यात डिस्कस आणू नये. पहिल्यांदाच मासे पाळणार असाल तर गप्पी आणा. आरोग्य खात्याची माणसं डासांच्या अळ्या खायला पाण्याच्या टाक्यांमध्ये सोडतात ना, तेच. त्यांना आपलं जड पाणी छान मानवतं. वर्षभर गप्पी नीट सांभाळले आणि पाऊसही चांगला झाला, तर दिवाळीनंतर डिस्कसचा विचार करा.