पांढरी अळी म्हणजे हुमणीच नव्हे
लांब मिशांच्या भुंगेऱ्यांची जात, गोत आणि मुलूख



पावसाळा निम्मा सरला की आपल्या गट ऑफिसात पांढऱ्या अळ्यांच्या पिशव्या यायला लागतात. कोणी उसाच्या बुडातली आणतो, कोणी बांधावरच्या आंब्याच्या खोडातली, कोणी सोयाबीनच्या काडीतली. आणणारा मात्र एकच नाव घेतो, हुमणी! आणि औषधही हुमणीचेच मागतो. आता अळी आहे आंब्याच्या खोडात, वीतभर आत, आणि औषध ओतायचे मुळाशी. पैसे जातात, अळी खातच राहते आणि वडिलांनी लावलेले झाड डोळ्यांदेखत वाळते. हे दरवर्षी होते म्हणून या अंकात या दुसऱ्या अळीची ओळख करून देत आहे.

आधी दोघींतला फरक पाहा. हुमणीची अळी तळहातावर घेतली की इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळते. डोके तपकिरी, त्यामागे तीन जोड्या पाय स्पष्ट दिसतात. ती मातीत राहते आणि मुळे खाते. नदीकाठची हुमणी आणि माळावरची हुमणी या दोन्ही आपल्याला चांगल्या परिचयाच्या आहेत. दुसरी अळी सरळ व लांबट असते. अंगावर कड्या-कड्या, पाय नसल्यात जमा, डोके आत ओढलेले आणि डोक्यामागचा भाग सर्वांत रुंद व चपटा. ती लाकडात किंवा काडीत बोगदा करून राहते. हिलाच आपल्याकडे भिरूड किंवा खोडकिडा म्हणतात. हुमणीचे कुळ शेणकिड्यांचे, हिचे कुळ लांब मिशांच्या भुंगेऱ्यांचे. दोघींचे नाते इतकेच, की मोठेपणी दोघींचेही भुंगेरे होतात. (उसाच्या पोंग्यात आणि कांडीत शिरणारा खोडकिडा तर पतंगाची अळी, त्याची गोष्ट निराळी. नाव एक असले तरी भाऊबंदकी नाही.)

लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या कुळाला शास्त्रात सेरँबिसिडी म्हणतात. जगात यांच्या सुमारे ३५,००० जातींची नोंद झालेली आहे. भुंगेरा ओळखायचा मिशांवरून. त्या बहुधा अंगाएवढ्या किंवा अंगाहूनही लांब असतात, नराच्या जास्तच. डोळा मिशीच्या बुडाशी खाच पडल्यासारखा असतो. बहुतेक जातींचा भुंगेरा चिमटीत धरला की कुरकुर आवाज करतो. तो आवाज तोंडाचा नाही, मान आणि पाठ एकमेकांवर घासून तो काढतो. पोरांना दाखवा, मजा वाटेल.

या कुळाची बरीच पोटकुळे आहेत. आपल्याला चार कळली तरी पुरे, आणि ती कळण्यात फायदा असा की पोटकुळावरून अळी कोठे सापडेल याचा अंदाज येतो.

पहिले प्रायोनिनी. हे थोराड, तपकिरी, मानेच्या दोन्ही कडांना दाते असलेले भुंगेरे. पावसाच्या सुरुवातीला घराच्या दिव्यावर बोटाएवढा मोठा भुंगेरा येऊन आपटतो, तो बहुधा यांतला. मिशा इतरांच्या मानाने आखूड. अळ्या मुळांत आणि कुजक्या बुंध्यांत. दक्षिण अमेरिकेतला टायटॅनस नावाचा वीतभर भुंगेरा याच पोटकुळातला. दुसरे लेप्टुरिनी, फुलांवर बसणारे. यांना थंड मुलूख मानवतो, हिमालयात पुष्कळ, आपल्याकडे तुरळक, सोडून देऊ. तिसरे सेरँबिसिनी. यांचे तोंड पुढे तिरपे. यांतले काही तोडलेल्या, वाळलेल्या लाकडात वाढतात, काही जिवंत झाडात. चौथे लॅमिनी. यांचे तोंड सरळ खाली वळलेले, घोड्यासारखे. संख्येने हे सर्वांत मोठे, कुळातल्या निम्म्याहून अधिक जाती यातच येतात. जिवंत झाडाचे आणि हिरव्या काडीचे शत्रू यांत जास्त आहेत.

हिंदुस्थानातल्या या भुंगेऱ्यांचे मोठे वर्गीकरण सी. जे. गहान या ब्रिटिश म्युझियममधील शास्त्रज्ञाने १९०६ साली ग्रंथरूपाने केले. पण त्या खंडात लॅमिनी पोटकूळ आलेच नाही. म्हणजे आपल्या आंब्याचा, द्राक्षाचा आणि सोयाबीनचा शत्रू नेमका बाहेर राहिला. त्यांची वर्गवारी पुढे इतरांनी लावली.

सोयाबीन म्हटल्यावर काही जणांनी मान वर केली असेल. होय, आपला चक्री भुंगा याच कुळातला, लॅमिनी पोटकुळाचा. शास्त्रीय नाव ओबेरिऑप्सिस ब्रेव्हिस. आडसाली लागणीत सोयाबीनचे आंतरपीक घेणारे आणि खोडवा मोडून सोयाबीन करणारे आपले सभासद पुष्कळ आहेत, म्हणून याच्यावर थोडे जास्त लिहितो. भुंगेरा जेमतेम सेंटिमीटरभर, डोके-छाती नारिंगी, पंखांचा मागचा भाग काळपट. मादी देठावर, फांदीवर किंवा खोडावर जबड्याने दोन गोल चक्रे पाडते, एकमेकांपासून थोड्या अंतरावर. मग खालच्या चक्राजवळ भोके पाडून आत पिवळे अंडे घालते. चक्रामुळे रस अडतो आणि वरचा भाग सुकतो. शेतात फिरताना हिरव्या पिकात मधेच एखादे पान किंवा शेंडा लोंबलेला दिसतो, तो हा. पुष्कळ जण त्याला पाण्याचा ताण समजतात, आणि पाणी सोडतात!

अळी बाहेर पडली की काडी पोखरत खाली उतरते. बाहेरून झाड बरे दिसते, शेंगाही लागतात. खरी खोडी पुढे आहे. पीक पक्व होत आले की अळी जमिनीपासून वीतभर उंचीवर काडी आतून गोल कापते. झाड जरा वाऱ्याने मोडून पडते, शेंगा मातीत. त्यानंतर अळी काडीच्या छोट्या तुकड्यात स्वतःला कोंडून घेते आणि उशिराची पिढी तशीच पुढच्या पावसाळ्यापर्यंत झोपून राहते. म्हणजे पुढल्या वर्षीचे बी आपल्याच रानातल्या धसकटात असते. म्हणून काढणीनंतर धसकटे वेचून नष्ट करणे आणि उन्हाळी खोल नांगरट यांना पर्याय नाही. पेरणी पुरेशा पावसावरच करा, फार आगाप पेरलेल्यावर हा जास्त येतो. चक्र पडलेला भाग दिसताच चक्राच्या खालून मोडून घ्या आणि नष्ट करा. दर आठवड्याला बाईमाणसांनी एक फेरी मारली तरी फरक पडतो. दर मीटर ओळीत ३ ते ५ झाडे चक्राची निघू लागली तर मात्र फवारणीशिवाय गत्यंतर नाही, आणि ती अळी काडीत शिरण्याआधीच. लेबलावर सोयाबीन व चक्री भुंगा लिहिलेलेच औषध घ्या. ‘बी.एच.सी. पावडर मिळेल का’ असे अजून विचारणारे भेटतात. ती १९९७ पासून बंद आहे.

आंब्यावरचा भिरूड म्हणजे बटोसेरा. भुंगेरा मोठा, राखाडी-तपकिरी, मानेवर दोन तांबूस ठिपके. पावसाच्या सुमारास मादी सालीला चीर पाडून अंडे घालते. अळी हाताच्या बोटापेक्षा लांब होते. आंब्याखेरीज अंजीर, फणस, सावर यांच्यावरही ती जगते. खोडाला भोक, त्यातून चिकट रस आणि खाली भुसा दिसला की ती आत आहे असे समजा. भोक मोकळे करून आकड्याची तार आत घाला व अळी ओढून काढा. तार पोचत नसेल तर पेट्रोलात भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून वरून चिखलाने लिंपा. चार दिवसांनी पुन्हा जाऊन बघा. ताजा भुसा आला असेल तर बोगद्याला दुसरे तोंड आहे, ते शोधा. मुळाशी औषध ओतून ही अळी मरत नाही.

द्राक्षात दोन वेगळ्या पोटकुळांचे पाहुणे येतात. सेलोस्टर्ना हा मुळात बाभळीचा. तो कोवळ्या फांद्यांची साल कुरतडतो, अळी खोडातून मुळाकडे जाते व भुसा बाहेर टाकते. स्ट्रोमॅशियम हा सेरँबिसिनी. खरे तर सुक्या लाकडाचा किडा. तीनशेहून जास्त प्रकारच्या झाडांच्या लाकडात तो सापडलेला आहे. याचा भुसा बोगद्यातच ठासलेला राहतो, बाहेर काही दिसत नाही. म्हणून बागाईतदार फसतो.

इथे प्रसाराचा मुद्दा येतो. हे भुंगेरे स्वतः फार लांब जात नाहीत, त्यांना लाकूड नेते. चीनकडचा एक काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा भुंगेरा मालाच्या लाकडी खोक्यांतून अमेरिकेत पोचला आणि १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये रस्त्याकडेच्या झाडांत सापडला. नंतर तिथे हजारो झाडे तोडावी लागली. निलगिरीचा भुंगेरा ऑस्ट्रेलियातून असाच अनेक देशांत गेला. आपला आंब्याचा बटोसेराही मॉरिशस आणि इस्राएलपर्यंत पोचलेला आहे. आता आपल्याकडे पाहा. मोडलेल्या द्राक्षबागेची खोडे आणि बाभळीचे सरपण ट्रॅक्टर भरून या गावचे त्या गावी जाते आणि नव्या बागेच्या कडेला रचून ठेवले जाते. जूनमध्ये त्यातून भुंगेरे निघतात. असे लाकूड मे अखेरच्या आत जाळून संपवा.

काही जातींचा मुलूख झाडाबरोबर ठरलेला असतो. कॉफीचा पांढरा खोडकिडा कोडगू-चिकमगळूरच्या अरेबिका कॉफीत धुमाकूळ घालतो, पण कॉफी नाही तिथे आपल्याला त्याची भीती नाही. मध्य प्रदेशातल्या मंडला भागात सालवृक्षाच्या भुंगेऱ्याने १९२०-३० च्या दशकात आणि पुन्हा १९९० च्या दशकात लाखो झाडे मारली. तिथे वनखात्याने ताजे सालओंडके ठेचून जागोजाग टाकले. रसाच्या वासाने भुंगेरे गोळा होतात, मग मजूर ते वेचतात आणि नगाप्रमाणे मजुरी घेतात. आपण बाभळी-कडुनिंबावर रात्री हुमणीचे भुंगेरे झाडून घेतो, त्याच जातीचे हे काम.

आणि ऊस? उसाला लांब मिशांचा भुंगेरा लागतच नाही असे कोणी समजू नये. थायलंडमध्ये आणि दक्षिण चीनच्या ग्वांगशी प्रांतात डोरिस्थेनिस नावाचे प्रायोनिनी भुंगेरे उसाचे मोठे शत्रू आहेत. रेताड जमिनीत अळी बुडातून कांडीत शिरते, ऊस वाळतो, खोडवा फुटत नाही. लक्षणे हुमणीसारखीच, पण उपटून पाहिल्यावर कांडे आतून पोकळ निघते. हुमणी कांडे असे पोखरत नाही, ती मुळे खाते. आपल्या कार्यक्षेत्रात बुडातली अळी आतापर्यंत हुमणीचीच निघत आली आहे. तरीही वाळलेले बेट उपटाल तेव्हा एक कांडे उभे चिरून बघा.

सरळ, बिनपायाची अळी उसाच्या बुडात मिळाली तर ती मारून फेकू नका. कांड्याच्या तुकड्यासह, थोड्या मातीत, भोके पाडलेल्या डब्यात घालून गट ऑफिसात आणा. चिठ्ठीवर गट नंबर, उसाची जात, लागण की खोडवा आणि जमीन कशी ते लिहा. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत आणलेली अळी दुपारपर्यंत सडते आणि मग ती कसली होती हे कोणालाच सांगता येत नाही.

ऊस विकास अधिकारी