‘आमच्या गावात प्रदूषण नाही’

पर्यावरण अभ्यासाच्या प्रकल्पवह्यांच्या पहिल्या पानावर काय असतं, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीतला कोणताही शिक्षक वही न उघडता सांगेल. ‘ग्रामीण जीवन हे निसर्गाशी एकरूप असते. आपले पूर्वज शाश्वत जीवन जगत असत. आमच्या गावात प्रदूषण नाही.’ पुढच्या दहा पानांत इंटरनेटवरून उतरवलेलं पंचगंगेचं प्रदूषण. लिहिणारी मुलगी वेदगंगेच्या काठच्या गावातून रोज एसटीनं येते. वेदगंगा पंचगंगेला मिळतच नाही. ती मिळते दूधगंगेला, आणि दूधगंगा कृष्णेला. तिच्या घरचं सांडपाणी ज्या नदीत जातं, त्या नदीचं नावही वहीत नाही. का, तर आमच्याकडे प्रदूषण नाही!

खेडं म्हटलं की ते आपोआप शाश्वत, हा समज कुठून आला कोण जाणे, पण हटता हटत नाही. कारखान्याची चिमणी नसली, रस्त्यावर गाड्यांची रांग नसली की हवा शुद्ध. मग स्वयंपाकघरात चला. चूल आहे, शेणी आहेत, ओलसर लाकूड आहे. वहीत हे ‘पारंपरिक पर्यावरणपूरक इंधन’ म्हणून येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे 2020 या एका वर्षात जगात सुमारे 32 लाख माणसं दगावली. त्यात पाच वर्षांखालची मुलं दोन लाखांहून जास्त. चुलीवरच्या भाकरीची चव लिहिणारे पुष्कळ, फुंकणी कोणाच्या हातात असते ते लिहिणारा क्वचित. शेतातली काटकी जाळल्यानं कार्बनचा हिशेब कदाचित बरा दिसेल, पण फुप्फुसाला तो हिशेब कळत नाही.

तेच उसाचं. तोडणी झाली की फड पेटवायचा, आणि कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘राख खतच की!’ हे अर्धसत्य आहे, म्हणून जास्त त्रासदायक. राखेत पालाश उरतो, थोडा स्फुरदही उरतो. पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरातून निघून जातात. एका हेक्टरमध्ये साधारण 8 ते 10 टन पाचट निघतं आणि त्यात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं. म्हणजे हेक्टरी 40 ते 50 किलो नत्र आपण काडी लावून उडवतो आणि त्याच आठवड्यात युरियाच्या रांगेत उभे राहतो. कृषी विद्यापीठाची शिफारस कितीतरी वर्षं तीच आहे: खोडव्यात पाचट सरीत दाबा, टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर कुजवणारं जिवाणू संवर्धन टाका. तरीही लोक पेटवतात. ते मूर्ख आहेत म्हणून पेटवत नाहीत. मजूर मिळत नाही, पाचटात उंदीर होतात, बुडखे छाटायला अडचण येते, शेजाऱ्यानं पेटवलं तर आपलंही जातं. प्रकल्पाचा खरा विषय हाच आहे, आणि तो कोणी घेत नाही.

‘पूर्वजांचं निसर्गप्रेम’ म्हणून देवराईचं उदाहरण हमखास येतं. 1970च्या दशकात संशोधक माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांची पाहणी केली. त्यांना दिसलं ते प्रेमापेक्षा नियम आणि धाक: देवाच्या रानातली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. धाक सुटला तिथे राया तुटल्या. आपल्या अंगणातला दाखला हवा असेल तर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा घ्या. पावसाळा संपला की बरगे, म्हणजे अडवणीच्या फळ्या, घालायचे, पुढचा पाऊस लागण्याआधी काढायचे. कोणी घालायचे, खर्च कोणाचा, वरच्या गावानं किती पाणी उपसायचं, हे ठरलेलं असेल तर उन्हाळ्यात नदीत पाणी दिसतं. बरगे गळके असले की पाणी निघून जातं, गाव कितीही निसर्गरम्य असो. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांनी मौनी विद्यापीठ गारगोटीत उभं केलं, तेही खेड्यात सगळं छान चाललंय असं समजून खासच नाही.

बाकीचे समज थोडक्यात. ओझोनला भोक पडल्यामुळे पृथ्वी तापते? नाही. ती तापते मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमुळे. ओझोनच्या थराचं दुखणं वेगळं, आणि 1987च्या माँट्रियल करारानंतर ते बरं होत चाललंय. कापडी पिशवी घेतली की काम झालं? ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं 2011मध्ये हिशेब मांडला होता: सुती पिशवी 131 वेळा वापरली, तर हवामानाच्या दृष्टीनं ती एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. घरात सत्कारात मिळालेल्या पिशव्यांचा ढीग असेल तर विचार करा. मधमाश्या संपल्या की चार वर्षांत माणूस संपेल, हे आइन्स्टाईन म्हणाला? त्याच्या लेखनात ते वाक्य कोणाला सापडलेलं नाही. शिवाय भात, गहू, ज्वारी यांना मधमाशी लागत नाही. पाटगावच्या मधावर लिहायचं असेल तर आइन्स्टाईन कशाला? सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवणारा माणूस तिथेच भेटेल.

आणि ‘हा विषय पास होण्यापुरता’ हा समज तर शिक्षकांचाही आहे. सर्वोच्च न्यायालयानं एम. सी. मेहता खटल्यात 22 नोव्हेंबर 1991 रोजी पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. विद्यापीठ अनुदान आयोगानं पुढे जो अभ्यासक्रम आखला त्यात शंभरपैकी 25 गुण क्षेत्रकार्याला ठेवले होते. क्षेत्रकार्य म्हणजे पायानं करायचं काम. ते झेरॉक्सच्या दुकानात होत नाही.

तेव्हा आपल्या गल्लीतल्या गोबरगॅसच्या टाक्या मोजा. किती चालू, किती बंद? बंद पडल्या त्या जनावरं विकली म्हणून, की शेण कालवायला घरात कोणी उरलं नाही म्हणून? चार पानं झाली तरी पुरेत. मुखपृष्ठावर हिरवा पृथ्वीगोल मात्र नको.