पहिली-दुसरी झाली, आता तिसरी : पालकांनी जून-जुलैमध्येच काय तपासावे? वाचा सविस्तर

डिजिटल डेस्क, कामरगाव (जि. वाशिम) : राज्यातील बहुतांश शाळांची घंटा १६ जूनला वाजली. विदर्भातील मुलांना मात्र उन्हामुळे आठवडाभर जास्त सुटी मिळाली. कारंजा तालुक्यातील कामरगावसह विदर्भातील शाळा सोमवारी, २३ जून २०२५ रोजी सुरू झाल्या. पहिलीच्या मुलांचे फुले देऊन स्वागत होते, दहावीच्या मुलांच्या शिकवणीची चर्चा घरोघरी सुरू असते. या गडबडीत तिसरीच्या मुलाकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. प्रवेशाची धावपळ नाही, बोर्डाची परीक्षा नाही आणि नापास होण्याची भीतीही नाही. पण शिक्षणाच्या नव्या रचनेत सगळ्यात महत्त्वाचे वळण नेमके याच वर्गात आहे. ते कसे, हे समजून घेऊ.

आधी वेळापत्रक

२०२५ मध्ये २३ ते २८ जून या आठवड्यात विदर्भातील शाळा सकाळी ७ ते ११.४५ या वेळेत भरल्या. ३० जूनपासून नियमित वेळ सुरू झाली. मूल त्याच शाळेत पुढच्या वर्गात जात असेल तर वेगळा प्रवेश घ्यावा लागत नाही. शाळा बदलत असाल तर जुन्या शाळेकडून टीसी घ्यावी लागेल. टीसी मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट म्हटले आहे.

तिसरी इतकी महत्त्वाची का?

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार शालेय शिक्षणाची ५+३+३+४ अशी रचना ठरली आहे. अंगणवाडी किंवा बालवाटिकेची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी मिळून पहिला, पायाभूत टप्पा होतो. तिसरी ते पाचवी हा दुसरा टप्पा. म्हणजे तिसरीत पाऊल टाकताना मूल पहिला टप्पा ओलांडते.

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानाचे उद्दिष्टही याच वर्गाशी बांधलेले आहे. २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, असे हे उद्दिष्ट आहे. २०२५-२६ मधील तिसरीची बॅच त्या मुदतीच्या अगदी जवळ होती.

यामागचे कारण साधे आहे. दुसरीपर्यंत मूल वाचायला शिकते. तिसरीपासून त्याने वाचून शिकावे, अशी अपेक्षा असते. ज्याला वाचता येत नाही, त्याचे नुकसान एकट्या मराठीत होत नाही. गणितातले शाब्दिक उदाहरण त्याला कळत नाही आणि परिसर अभ्यासातला धडाही कळत नाही.

परिस्थिती काय आहे?

'असर २०२४' हा ग्रामीण भारताचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये आला. देशातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २३.४ टक्के निघाली. २०२२ मध्ये हेच प्रमाण १६.३ टक्के होते. वजाबाकी करू शकणारी मुले २०२२ मध्ये २०.२ टक्के होती, ती २७.६ टक्क्यांवर आली. सुधारणा नक्कीच आहे. तरी चार मुलांमागे तीन मुले एक इयत्ता मागचा मजकूर वाचताना अडखळतात, असा या आकड्यांचा अर्थ होतो. आपले मूल कोणत्या गटात आहे, हे घरीच तपासता येते.

घरी एक मिनिटाची चाचणी

निपुणच्या उद्दिष्टांनुसार दुसरीअखेर मुलाला मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६० शब्द समजून वाचता यायला हवेत. मोबाइलमधला स्टॉपवॉच लावा आणि असे करा :

- दुसरीच्या पुस्तकातला, पाठ नसलेला उतारा द्या.
- एका मिनिटात वाचलेले शब्द मोजा. चुकलेले शब्द वजा करा.
- लगेच दोन प्रश्न विचारा : कोण होते? पुढे काय झाले?
- आकडा ४५ च्या खाली असेल किंवा उत्तरे येत नसतील, तर दुसरीचे काम बाकी आहे असे समजा.

अडखळण कुठे होते तेही पाहा. बहुतेक वेळा गाडी जोडाक्षरांवर थांबते. 'सूर्य'मधला रफार, 'ग्रह'मधला र, 'राष्ट्र'मधला ष्ट्र. तिसरीच्या धड्यांत असे शब्द सारखे येतात. रोज अशी पाच जोडाक्षरे घेऊन मुलाकडून वाचून आणि लिहून घेतली, तरी महिनाभरात फरक दिसू शकतो. चाचणी घेताना शेजारच्या मुलाशी तुलना नको. मूल घाबरले तर येणारे शब्दही चुकते.

गणितात अडते कुठे?

तिसरीअखेर ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचणे-लिहिणे आणि गुणाकाराची सोपी उदाहरणे सोडवणे अपेक्षित आहे. मराठी मुलांची यात एक खास अडचण असते, ती म्हणजे संख्यांची नावे. 'एकोणऐंशी' ऐकले की अनेक मुले ७९ ऐवजी ८९ लिहितात, कारण शब्दात 'ऐंशी' ऐकू येते. 'त्रेपन्न'मध्ये तीन आधी आणि पन्नास नंतर ऐकू येतो, लिहायचे मात्र ५३. यासाठीच २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असा पर्याय दिला होता. त्यावर मोठा वादही झाला.

घरी तपासताना पाढे म्हणून घेण्यापेक्षा संख्या बोला आणि मुलाला लिहायला सांगा. एकोणतीस, एकोणसाठ, एकोणनव्वद हे तीन शब्द नीट लिहिले, तर पाया ठीक आहे. किराणा दुकानातून परत आलेले पैसे मोजायला देणे ही वजाबाकीची उत्तम परीक्षा आहे.

तिसरीत नवीन काय?

- परिसर अभ्यास : पहिली-दुसरीत हे स्वतंत्र पुस्तक नसते. तिसरीच्या परिसर अभ्यासात आपल्या जिल्ह्याची ओळख होते. वाशिमच्या मुलांसाठी हा विषय अगदी अंगणातला आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा, कारंजासह सहा तालुके, वाकाटकांच्या काळातले वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम, काळविटांसाठीचे कारंजा-सोहोळ अभयारण्य. या ठिकाणांच्या गोष्टी घरात आजी-आजोबांकडेही असतात. त्या मुलाला ऐकू द्या.
- मूल्यमापन : पहिली-दुसरीत वर्षभरच्या आकारिक मूल्यमापनाला ७० आणि सत्राच्या शेवटच्या संकलित मूल्यमापनाला ३० टक्के भार असतो. तिसरीत हे प्रमाण ६०-४० होते. लेखी परीक्षेचे वजन इथून वाढत जाते.
- पुस्तके : राज्याच्या १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयानुसार २०२५-२६ मध्ये नवा अभ्यासक्रम फक्त पहिलीला होता. दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावीचे नियोजन २०२६-२७ साठी होते. त्यामुळे २०२५-२६ मध्ये तिसरीचा अभ्यासक्रम जुनाच राहिला.
- वह्या : २०२३-२४ पासून पुस्तकातच कोरी पाने दिली जात होती. तो निर्णय जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. त्यामुळे वह्या वेगळ्या घ्याव्या लागतात.

शाळेकडून काय मिळते?

जिल्हा परिषदेच्या शाळेत पाठ्यपुस्तके आणि गणवेशाचे दोन संच मोफत मिळतात. २०२५-२६ मध्ये गणवेश खरेदीचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आले. त्यामुळे गणवेशाला उशीर झाला किंवा माप चुकले, तर आधी समितीकडे विचारणा करा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असणे कायद्याने आवश्यक आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांना पोषण आहारातून रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत, असे निकष आहेत.

नापास करत नाहीत, मग चिंता कशाला?

चिंतेचे कारण हेच आहे. तिसरी आणि चौथीत मूल मागे राहिले तरी पुढच्या वर्गात जाते. प्रगतिपुस्तकावरून पालकांना त्याचा अंदाज येतोच असे नाही. मात्र २०२३ मधील बदलानंतर राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा आणि तिथेही यश न आल्यास मूल त्याच वर्गात राहते. दुसरीत राहिलेले वाचन पाचवीत उघडे पडले, तर भरून काढायला वेळ उरत नाही. तिसरीत लक्षात आले, तर हाताशी जवळपास तीन वर्षे असतात.

पेरणीचे दिवस आणि पहिले दोन आठवडे

जूनअखेर म्हणजे आपल्याकडे सोयाबीन, तूर, कपाशीच्या पेरणीचे दिवस. घरातली मोठी माणसे सकाळीच वावरात जातात. लहान भावंडाला सांभाळायला किंवा घर राखायला आठ वर्षांच्या मुलाला घरी ठेवले जाते. पण सुटीत विसरलेल्याची उजळणी शिक्षक याच दिवसांत घेतात. मुलाची ती बुडाली, तर पुढचा धडा आणखी जड जातो. लहान भावंड अंगणवाडीच्या वयाचे असेल तर त्याला तिथे पाठवा. ज्यांच्या घरी बंजारा किंवा उर्दू बोलली जाते आणि मूल मराठी शाळेत आहे, त्यांनी ही गोष्ट शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात सांगावी. मूल गप्प बसते ते भाषेमुळे की अभ्यासामुळे, हे ओळखणे त्यांना सोपे जाते.

पालकांसाठी चार कामे

१. ३० जूनपर्यंत : घरी वाचनाची आणि संख्यालेखनाची चाचणी घ्या, आकडा वहीत लिहून ठेवा.
२. जुलैच्या पहिल्या आठवड्यात : तो आकडा घेऊन वर्गशिक्षकांना भेटा. 'मूल कसे आहे?' एवढेच विचारू नका. 'कोणती अक्षरे येत नाहीत?' असे नेमके विचारा.
३. रोज १५ मिनिटे : मूल मोठ्याने वाचेल, घरातले कुणीतरी ऐकेल. ऐकणाऱ्याला वाचता येत नसले तरी चालते, त्याने गोष्ट काय होती ते विचारावे. पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत पीडीएफ स्वरूपात आहेत. छापील पुस्तकावरचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केल्यास पूरक साहित्यही मिळते.
४. दिवाळीच्या सुटीआधी : तीच चाचणी पुन्हा घ्या. जूनचा आणि ऑक्टोबरचा आकडा शेजारी ठेवा. आकडा हललेला नसेल, तर वार्षिक निकालाची वाट न पाहता शाळेत जाऊन जादा सरावाची मागणी करा.