थेंबभर रक्ताची रुजुवात

वैनगंगेकाठच्या बालाघाट शहरात, जिथे मराठी आणि हिंदी एकाच अंगणात नांदतात आणि रात्रीच्या ताटातला भात कमी करणे हा घरच्या शिरस्त्याविरुद्धचा बंडावा समजला जातो, तिथे आता देवघरातल्या समईइतक्याच नियमाने आणखी एक वस्तू सकाळी बाहेर निघते: साखर मोजण्याचे यंत्र. त्याच्या काचेवर उमटणाऱ्या आकड्यावर त्या दिवशीचा चहा, औषधाची मात्रा आणि बऱ्याच अंशी घरातल्यांची मनःस्थितीही ठरते. म्हणूनच या आकड्याची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, हे पाहणे अगत्याचे आहे.

माझ्या परिचयाच्या एका घरी वृद्ध काकूंचा हा प्रातर्विधी मी जवळून पाहिला आहे. साबणाने हात धुऊन त्या ते कोरड्या पंच्याने टिपतात. डबीतून पट्टी काढताच झाकण पुन्हा घट्ट लावतात. पट्टी यंत्रात सरकवतात. आणि अनामिकेच्या पेराला मध्यभागी न टोचता कडेला टोचतात, कारण तिथे वेदना कमी होते. बोट पिळून थेंब काढण्याचा आग्रह त्या धरत नाहीत. हात थोडा वेळ खाली सोडला की थेंब आपोआप येतो, आणि पट्टीची कड टेकवताच ती तो स्वतःच शोषून घेते. पाचेक सेकंदांत आकडा येतो व वहीतल्या ‘उपाशीपोटी’ या रकान्यात त्याची नोंद होते. एकदा नातवंडांसाठी संत्री सोलल्यावर नुसत्या पुसलेल्या हाताने त्यांनी तपासणी केली, तेव्हा आकडा भलताच चढलेला निघाला. हात धुऊन पुन्हा टोचले तेव्हा तो पूर्वपदावर आला. यंत्राने साखर खरीच मोजली होती, फक्त ती संत्र्याची होती.

पट्टीच्या टोकाशी असलेले विकर रक्तातील ग्लुकोजशी प्रक्रिया करते, त्यातून सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहावरून यंत्र साखरेचे अनुमान काढते. विकराच्या आधाराने साखर मोजण्याची ही विद्युत्-कल्पना क्लार्क आणि लायन्स यांनी 1962 साली मांडली. अनुमान म्हटले की तफावत आलीच, आणि तिची मर्यादा 2013 च्या आंतरराष्ट्रीय मानकाने आखून दिली आहे: साखर दर डेसिलिटरला 100 मिलिग्रॅमच्या आत असेल तर 15 मिलिग्रॅम, आणि त्याहून अधिक असेल तर 15 टक्के, इतका फरक चालतो, तोही शंभरांपैकी पंचाण्णव मापनांत. प्रयोगशाळेत 200 भरणारी साखर घरी 170 किंवा 230 दिसली, तरी यंत्र नियमात बसते. सबब सोमवारच्या 172 आणि मंगळवारच्या 185 यांवरून घरात वादंग माजवण्याचे प्रयोजन नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल हा मात्र ब्रह्मलेख, अशीही समजूत नसावी. रक्त नळीत तसेच पडून राहिले तर त्यातील पेशी साखर खात राहतात आणि दर तासाला सुमारे पाच ते सात टक्के साखर घटते. त्यामुळे दूरच्या गावाहून शहरात पोचणाऱ्या नमुन्याने प्रामाणिक यंत्रालाही खोटे पाडावे, असे घडू शकते. जेवणानंतर तर बोटातील रक्तात शिरेतल्या रक्तापेक्षा साखर मुळातच अधिक असते. रुजुवात घ्यायचीच असेल तर ती उपाशीपोटी, शिरेतून रक्त काढतेवेळीच बोट टोचून घ्यावी.

बालाघाटची हवाही या साक्षीत हस्तक्षेप करते. बहुतेक यंत्रांची कार्यमर्यादा 40 अंशांच्या आसपास असते, आणि इथला मे महिना तिची पर्वा करीत नाही. पावसाळी दमट हवेत उघडी राहिलेली डबी पट्ट्या निकामी करते. याहून गंभीर बाब रक्तक्षयाची. तांबड्या पेशी कमी असलेल्या रक्तात पुष्कळ यंत्रे साखर प्रत्यक्षाहून अधिक दाखवतात. शिवाय मध्य भारताच्या या पट्ट्यात, विशेषतः आदिवासी समाजात, सिकलसेल आढळतो. 2023 च्या जुलैत त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून सुरू झाली. या आजारात तांबड्या पेशी अल्पायुषी ठरतात, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी साखर असते त्याहून कमी दाखवू शकते. अशा रुग्णाचा सरासरीवरचा भरवसा उडाला की रोजच्या थेंबाचे मोल वाढते, आणि रक्तक्षयामुळे तोच थेंब अधिक काळजीने वाचावा लागतो. म्हणून डॉक्टरांपुढे वही ठेवताना हिमोग्लोबिनचा अहवालही सोबत असावा.

मग उपयोग काय? एकेका आकड्यापेक्षा आकड्यांच्या क्रमात तो अधिक आहे. चिन्नोर तांदळाचा भात पोटभर खाल्ल्यावर दोन तासांनी काय होते आणि तोच निम्मा करून सोबत वरण, भाजी वाढवल्यास काय होते, हे काकूंच्या वहीने त्यांना जितके पटवले तितके कोणत्याही उपदेशाने पटवले नव्हते. इन्सुलिन घेणाऱ्याला घाम आणि कंप सुटला असता 70 च्या खालचा आकडा वेळीच साखर देण्याचा इशारा ठरतो. लक्षणे स्पष्ट असूनही आकडा निर्धास्त करीत असेल, तर लक्षणांचे ऐकून आधी साखर द्यावी आणि मग हात धुऊन पुन्हा तपासावे. हजारभर रुपयांचे यंत्र एकदाच घ्यावे लागते, पट्ट्यांचा खर्च मात्र कायमचा. म्हणून कोणत्या वेळी टोचायचे हे डॉक्टरांशी ठरवून घ्यावे, आणि ज्या आकड्यामुळे जेवणात वा औषधात काहीच बदल करायचा नाही, त्यासाठी पट्टी खर्ची घालू नये.