आजी विसरल्या, आपण विसरायचं नाही

आमच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या मंडळीत एक आजी आहेत. वर्षानुवर्षं त्यांची रविवारची उपासना चुकली नाही. महिला मंडळात बायबल शिकवायच्या. चार वर्षांपूर्वी विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग गॅसवरचं दूध, मग सुनेचं नाव. डॉक्टरांनी निदान केलं, अल्झायमर.

हळूहळू त्यांच्याकडे जाणंयेणं थांबलं. "त्यांना कुठे काय कळतंय आता?" असं सगळ्याच म्हणायच्या. मीसुद्धा सहा महिने फिरकले नव्हते. एकदा बाजारात त्यांची सून भेटली. म्हणाली, "ताई, सासूबाई आजारामुळे विसरल्या. तुम्ही सगळ्या कशानं विसरलात?" मला उत्तर देता आलं नाही.

त्याच आठवड्यात पाळकसाहेबांबरोबर गेले. "कोण गं तू?" आजींनी विचारलं. पाळकसाहेबांनी उपदेश केला नाही की "मला ओळखलंत का?" असं विचारलं नाही. जवळ बसले, हात हातात घेतला आणि रेव्हरंड टिळकांचं एक जुनं भजन म्हणू लागले. दुसऱ्या ओळीला आजींचे ओठ हलले. पुढे प्रभूची प्रार्थना त्यांनी आमच्याबरोबर शेवटपर्यंत म्हटली. सून दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती.

हा चमत्कार नव्हे. या आजारात बहुधा अलीकडच्या आठवणी आधी जातात. लहानपणी पाठ केलेलं, सुरात बसलेलं पुष्कळदा बराच काळ टिकतं. म्हणूनच अशा भेटीत नवं काही सांगण्यापेक्षा जुनं भजन, तेविसावं स्तोत्र, ओळखीची प्रार्थना बरी. भेट छोटी असावी, आवाज शांत असावा. चुकलं तर दुरुस्त करू नये. प्रभुभोजन घरी नेता येतं, तेही न्यावं.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. तरी आपल्याकडे "म्हातारपणच ते" म्हणून सोडून देतात. कोणी तर "सैतानाचा त्रास" म्हणून नुसत्या प्रार्थनेला बसवतात. प्रार्थना जरूर करा, पण आधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनंही विसरायला होतं, आणि त्यावर उपचार आहेत.

श्रद्धा म्हणजे सगळं लक्षात ठेवणं, असं आपण धरून चालतो. मग जिला देवाचं नावही आठवत नाही, तिचं काय? यशया संदेष्ट्याच्या ४९व्या अध्यायात देव म्हणतो, की आई एक वेळ लेकराला विसरेल, पण मी तुला विसरणार नाही. म्हणजे आठवण ठेवण्याचं काम त्यानं स्वतःकडे घेतलंय. आणि त्याच्या वतीनं ते करायचं कोणी? मंडळीनंच ना!

आता महिला मंडळानं पाळ्या लावल्यात. रविवारी एकजण आजींजवळ बसते आणि सून उपासनेला येते. पहिल्या रविवारी ती चर्चमध्ये चक्क झोपली. कोणी उठवलं नाही. तिलाही विसाव्याची गरज होतीच की!

माझी पाळी असते तेव्हा आजी अजूनही विचारतात, "कोण गं तू?" मी म्हणते, "तुमचीच." त्या हसतात. मग आम्ही गातो.