खेळाडूंच्या वस्तूंचा संग्रह

विलोच्या लाकडाची एक बॅट दुसरीसारखीच दिसते. परंतु ती कोणत्या सामन्यांत कोणाच्या हातीं होती हें कळतांच तिला निराळें मोल येतें. खेळाडूंच्या वस्तू जमविण्याच्या छंदाचें मर्म ह्यांतच आहे.

अमेरिकेंत हा छंद सिगारेटच्या पाकिटांतून पसरला. पाकीट चेपूं नये म्हणून आंत घातलेल्या पुठ्ठ्यावर बेसबॉलपटूंचीं चित्रें छापीत. १९०९ ते १९११ मधील अशा एका मालेंत आपलें चित्र येण्यास होनस वॅग्नर ह्यानें हरकत घेतली. त्यामुळें त्याचीं थोडींच कार्डें बाहेर पडलीं, व तींच आज लक्षावधि डॉलरांस विकलीं जातात.

आपल्याकडे ही हौस क्रिकेटभोंवतीं वाढली. पुण्यांत सहकारनगर येथें रोहन पाटे ह्यांनीं उभारलेल्या ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ संग्रहालयाचें उद्घाटन २०१२ सालीं सचिन तेंडुलकर ह्यांच्या हस्तें झालें. नामवंतांच्या स्वाक्षऱ्या असलेल्या बॅटी तेथें आहेत. कासारवाडीहून लोकलनें पुण्यास येणाऱ्या मुलांस एका सुटीच्या दिवसांत त्या पाहतां येतील.

खरी जोखीम मात्र घरांतील पेटींत असते. शाई उन्हानें विटते, कागद पिवळा पडतो. आणि सर्वांत आधीं नाहींशी होते ती हकीकत. डिसेंबर १९४८ मध्यें पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनीं काठेवाडाविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. त्या सामन्याचें तिकीट एखाद्या आजोबांनीं जपलें असेल. पण त्यामागची हकीकत लिहिलेली नसल्यास नातवंडें तें रद्दींत टाकतील. म्हणून वस्तु हातीं येतांच तारीख, स्थळ, सामना व देणाऱ्याचें नांव वेगळ्या कागदावर टिपून ठेवावें. पुढें खरेंखोटें ठरवितांनाहि तोच कागद कामीं येतो.