पेशीतलं वीजघर (भाग ७) : डाळिंबाचा तुरटपणा

तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, झिजतात कशा ते मागच्या आठवड्यात पाहिलं. झिजलेल्यांना एखादं वनस्पतीतलं द्रव्य सावरेल का? उत्तराची सुरुवात क्रांती चौकातल्या रसाच्या गाडीपासून करू या.

गाडीवाला डाळिंब मधोमध चिरतो, अर्धं फळ सालीसकट यंत्रात ठेवतो आणि दांडा दाबतो. आधी दाण्यांचा गोड रस उतरतो. जोर वाढला की सालही पिळली जाते आणि जिभेवर तुरटपणा येतो. तो टॅनिन नावाच्या द्रव्यांचा. ती मुख्यतः सालीत आणि आतल्या पांढऱ्या पडद्यांत असतात, म्हणून घरी दाणे सोलून काढलेला रस तेवढा तुरट लागत नाही.

पण टॅनिन जसंच्या तसं पेशीपर्यंत पोचत नाही. पोटात त्यातून एलॅजिक आम्ल सुटतं आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचं ‘युरोलिथिन ए’ बनवतात. रक्तात उतरतं ते हे. पेशी आपल्या खराब तंतुकणिका मोडीत काढून त्यांचा माल पुन्हा वापरते. वयाबरोबर मंदावणाऱ्या या कामाला युरोलिथिन चालना देतं. तंतुकणिका स्वतःच कधीकाळी स्वतंत्र जिवाणू होत्या. आतड्यातल्या जिवाणूंनी या जुन्या भाऊबंदांच्या कामी यावं, हे मला फार विलक्षण वाटतं.

२०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की युरोलिथिन दिलेले सूक्ष्म कृमी सुमारे ४५ टक्के जास्त जगले. वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. माणसांवरचे निकाल मात्र सावधपणे वाचायला हवेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६५ ते ९० वयाच्या ६६ जणांना चार महिने रोज १००० मिलिग्रॅम युरोलिथिन किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली. स्नायूंचा दम काहीसा वाढला. पण सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं, या मुख्य कसोटीवर दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. चौक ओलांडताना धाप लागणाऱ्या आजोबांसाठी महत्त्वाची तीच कसोटी.

शिवाय रसातून युरोलिथिन सगळ्यांना मिळत नाही. शंभर निरोगी माणसांना डाळिंबाचा रस देऊन तपासलं, तेव्हा जेमतेम ४० टक्क्यांच्या शरीरात ते पुरेसं तयार झालं. बाकीच्यांकडे तसे जिवाणूच बहुधा पुरेसे नव्हते. आपल्याकडे डाळिंबावर काम होतंच : सोलापूरला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, ‘भगवा’ वाण राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा. फळ आपल्या घरचं आहे. ज्वारी-तुरीवर वाढलेल्या आपल्या आतड्यांत युरोलिथिन किती तयार होतं, याची मोजणीही इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी करावी, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. तंतुकणिकांचे जन्मजात आजार जनुकांतल्या दोषामुळे होतात. असा आजार असलेलं लेकरू ज्या घरात आहे, तिथे ‘नैसर्गिक’ म्हणून कोणी महागडी पावडर विकायला आलं, तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. चालू औषध थांबवू नका. दरवर्षी पदरचे पैसे घालून अशा डब्यांची रांग लावणारे आईबाप मी पाहिले आहेत. आणि मधुमेह असेल, तर गाडीवरच्या पेलाभर रसातली साखरही मोजा. त्यापेक्षा दाणे चावून खाल्लेले बरे.

पुढच्या आठवड्यात हळद : वसमतच्या बाजारातून थेट पेशीत ती का पोचत नाही?